रिगवरची पहिली फेरी : ऑफर लेटरपासून क्रू चेंजपर्यंत

समुद्रातल्या ड्रिलिंग रिगवर रोस्टअबाउट म्हणून, म्हणजे डेकवरचा कामगार म्हणून, माझी पहिली फेरी नुकतीच पूर्ण झाली. जाण्याआधी मी खूप शोधाशोध केली होती. पगाराचे आकडे आणि हेलिकॉप्टरसमोरचे फोटो भरपूर मिळाले. पण झोपायला किती तास मिळतात, एका खोलीत किती जण असतात, मेडिकलला कशावरून अडवतात, हे नीट सांगणारं फारसं काही सापडलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय. ज्यांच्या हातात ऑफर लेटर आहे आणि पोटात गोळा आहे, त्यांना याचा उपयोग व्हावा.

जानेवारीच्या अखेरीस ऑफर आली, ती मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका कंपनीकडून. या धंद्याची रचना आधी समजून घ्यावी लागते. विहीर एका तेल कंपनीची असते. रिग आणि ड्रिलिंग दुसऱ्या कंत्राटदाराचं. सिमेंटिंग, मड (ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवायचा चिखलासारखा द्रव) आणि लॉगिंगवाले (विहिरीतल्या खडकांची मोजमापं घेणारे) आणखी वेगळे. आणि रोस्टअबाउटचा पगार पुष्कळदा चौथ्याच ठिकाणाहून निघतो. सगळे एकाच गॅलीत जेवतात, एकाच लाइफबोटीत बसतात, पण प्रत्येकाचा करार निराळा. शेजारच्या बंकवरच्या माणसाला सुट्टीतही पगार मिळतो म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरून चालू नका.

फेरी सहसा 14 दिवस काम आणि 14 दिवस सुट्टी, 21-21 किंवा 28-28 अशी असते. मला 28-28 मिळाली आणि पगार 'डे रेट'ने, म्हणजे रिगवर असलेल्या दिवसांचेच पैसे. सही करण्याआधी मी चार प्रश्न मेलवर विचारले आणि उत्तरंही मेलवरच मागितली : प्रवासाचे दिवस कशात धरणार, हवामानामुळे हेलिकॉप्टर थांबलं तर ते दिवस कोणाच्या खात्यात, ट्रेनिंगची फी कोण भरणार, आणि आजारपणात किंवा अपघातात किनाऱ्यावर आणण्याचा व उपचाराचा खर्च कोणाचा. उत्तर यायला आठवडा लागला आणि दोनदा आठवण करावी लागली. आधी एका एजन्सीने नाव नोंदवण्यासाठीच पैसे मागितले होते, वर मूळ पासपोर्ट 'फाइलसाठी' ठेवून घेते म्हणाली. तिथून मी उठून आलो. नोकरी लावण्याचे पैसे कामगाराने द्यायचे नसतात, आणि पासपोर्ट व्हिसापुरता देऊन लगेच परत घ्यायचा असतो.

फेब्रुवारीत मेडिकल झालं. डोळे, रंग ओळखण्याची चाचणी, ईसीजी, रक्तदाब, फुप्फुसांची क्षमता, ऐकण्याची तपासणी, रक्त-लघवी आणि ड्रग टेस्ट. घाबरल्यामुळे माझा रक्तदाब पहिल्यांदा जास्त आला आणि डॉक्टरांनी आठवड्याने परत बोलावलं. त्या आठवड्यात मला रात्री झोप लागत नव्हती. दुसऱ्या वेळी तपासणीआधी शांत बसू दिलं आणि आकडा बसला. इथे दोन गोष्टी सांगतो. दात आधी दाखवून घ्या. रिगवर मेडिक असतो, दंतवैद्य नसतो, आणि दाढ ठणकायला लागली की वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढायचे किंवा किनाऱ्यावर परत यायचं, एवढेच पर्याय उरतात. दुसरं, ऐकण्याच्या चाचणीचा आलेख स्वतःकडे ठेवा. रिगवर 85 डेसिबलच्या वरच्या जागा जागोजागी आहेत. काही वर्षांनी कान कमी झाले तर 'आधी कसे होते' हे दाखवणारा कागद तुमच्याकडे असला पाहिजे.

मार्चमध्ये बोसिएट केलं. समुद्रातल्या रिगवर जाण्याआधीच्या सुरक्षेचा, ओपिटो या संस्थेने ठरवून दिलेला हा तीन दिवसांचा कोर्स. प्रमाणपत्र चार वर्षं चालतं आणि मुदत संपायच्या आत उजळणीचा एक दिवसाचा कोर्स केला की पुढची चार वर्षं मिळतात. आग विझवणं, प्रथमोपचार, लाइफबोट हे सगळं त्यात येतं, पण सगळे धास्तावलेले असतात ते ह्युएटला. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स वरच्या बाजूला असल्यामुळे ते पाण्यात उतरलं की उलटण्याची भीती असते. तेव्हा पाण्याखालून बाहेर कसं यायचं, याचा हा सराव. तलावावर टांगलेल्या एका डब्यात बेल्ट लावून बसवतात, डबा पाण्यात सोडतात आणि उलटा फिरवतात. नाकात पाणी जातं, वरखाली कळेनासं होतं. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा बकलवर. डबा फिरायचा थांबेपर्यंत बकल उघडायचं नाही, कारण बेल्ट सुटला की अंग तरंगतं आणि खिडकी हातची जाते. थांबला की खिडकी ढकलायची, बकल उघडायचं आणि कड न सोडता त्या हाताच्या दिशेने स्वतःला ओढून घ्यायचं. मला धड पोहता येत नाही आणि ते मी प्रशिक्षकाला आधीच सांगितलं. त्याने माझा नंबर मध्ये ठेवला आणि पाण्यातला डायव्हर माझ्याच बाजूला उभा केला. सांगायला लाजू नका. लाइफ जॅकेट अंगावर असतं, पोहण्याची शर्यत नसते. पाण्याखाली पाच-सात सेकंद शांत राहता येणं, एवढंच शिकायचं असतं.

त्यानंतर एचटूएसचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायूचा वर्ग. काही विहिरींतून हा वायू येतो. कमी प्रमाणात कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं की वायू गेला. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खालच्या, बंदिस्त जागी साचतो. अलार्म झाला की मास्क लावायचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा बघायचा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडून मग वाऱ्याकडे तोंड करून दूर जायचं. मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून दाढी पूर्ण काढावी लागते. एकाने खूप वर्षं राखलेली दाढी त्या दिवशी काढली. वर्गात कोणी काही बोललं नाही.

मग नुसतं थांबणं. रिगवर जायची तारीख एप्रिलवरून मेवर, मेवरून जूनवर गेली, कारण रिग आधीच्या विहिरीवरून हललीच नव्हती. या काळाचे पैसे मिळत नाहीत, आणि फीची परतफेडही पहिल्या पगारासोबतच होणार होती. हातात दोन-तीन महिन्यांचा घरखर्च नसेल तर आधीची नोकरी ऑफर लेटर आल्याबरोबर सोडू नका. निघायची पक्की तारीख मिळेपर्यंत थांबा. याच दिवसांत मी नवे सेफ्टी बूट घरात घालून फिरलो. त्याचा उपयोग पुढे रोज झाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हेलिपोर्टवर पोचलो. बॅगेसकट वजन, श्वासाची चाचणी, बॅगेची झडती. लायटर काढून घेतात. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट जाहीर कराव्या लागतात, अगदी सर्दीच्याही. लाइफ जॅकेट, व्हिडिओ, कानात प्लग, आणि तासाभराने खाली तीन पायांवर उभी असलेली जॅक-अप रिग दिसली. खाली उतरल्यावर सगळ्यात आधी आवाज जाणवतो. तो पुढे घरी परतेपर्यंत थांबत नाही.

इंडक्शनला दोन तास गेले. नवख्याला हिरवं हेल्मेट मिळालं, म्हणजे लांबूनही कळावं की याच्यावर लक्ष ठेवायचं आहे. हे रंग रिगगणिक बदलतात. माझ्या नावाचं टी-कार्ड (हजेरीचं कार्ड), मस्टरची, म्हणजे आणीबाणीत सगळ्यांनी जमायची, जागा, लाइफबोटीचा नंबर, आणि खोलीपासून तिथपर्यंतचा रस्ता. सेफ्टी ऑफिसर म्हणाले, "हा रस्ता आज डोळे मिटून जाता येईल इतका पाठ कर. धूर झाला तर दिवे दिसणार नाहीत." मी त्या संध्याकाळी रेलिंगला हात लावत तो रस्ता पुन्हापुन्हा चाललो.

खोलीत चार बंक. दोघं दिवसाच्या शिफ्टचे, दोघं रात्रीचे, त्यामुळे झोपताना खोलीत दोनच जण असतात. खोलीचे काही नियम कुठे लिहिलेले नसतात, पण पाळावे लागतात : मोठा दिवा लावायचा नाही, कपडे आणि बूट आदल्या दिवशी काढून ठेवायचे, अलार्म पहिल्याच ठोक्याला बंद करायचा, दार हाताने लावायचं. तेलकट कव्हरऑल खोलीत आणायचं नाही. कपड्यांच्या जाळीच्या पिशवीला नंबर असतो, धुऊन बारा तासांत परत येते.

मला रात्री 12 ते दुपारी 12 ही शिफ्ट मिळाली. कागदावर बारा तास, पण शिफ्टआधी अर्धा तास बैठक असते, म्हणून 11 वाजता उठावंच लागतं. शिफ्ट संपल्यावर अंघोळ, जेवण, घरी फोन, की दोन वाजतात. झोपायला हाती नऊ तास, त्यातही दुपारी पीए सिस्टिमवरची घोषणा, मस्टर ड्रिल, वरच्या डेकवर काहीतरी आदळल्याचा आवाज. पहिल्या आठवड्यात मी सलग चार तासांच्या वर झोपलो नाही. पहाटे तीन ते पाच हा काळ सगळ्यात कठीण. अंग चालतं, डोकं मागे राहतं. माझ्याबरोबर जोडून दिलेला जुना रोस्टअबाउट, ज्याला मी दादा म्हणायला लागलो, त्याने दुसऱ्याच रात्री सांगितलं, "तीननंतर काहीही उचलायच्या आधी मोठ्याने बोल. काय उचलतोय, कुठे ठेवतोय. बोलताना अडखळलास तर थांब." हा सल्ला मला सगळ्यात जास्त कामी आला.

रोस्टअबाउटचं काम डेकवरचं. सप्लाय बोट आली की क्रेनने माल उतरवायचा, स्लिंग (उचलायचा दोर) लावायची, टॅगलाइनने, म्हणजे लोडला बांधलेल्या दोरीने, लोड सांभाळायचा, बॅराइटच्या (मड जड करणाऱ्या भुकटीच्या) आणि केमिकलच्या गोण्या मिक्सिंगपर्यंत पोचवायच्या, गंज खरवडायचा, रंग द्यायचा, मड सांडली की धुवायची. आणि धुणं संपतच नाही. मधूनमधून शेल शेकरवर उभं करतात. तिथे विहिरीतून वर आलेल्या मडमधून खडकाचा चुरा चाळला जातो. गरम वाफ, सतत थरथर आणि कानठळ्या बसवणारा आवाज. दोन इअरप्लगच्या वर इअरमफ घातले तरी हातवाऱ्यांनीच बोलावं लागतं.

दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत बदली म्हणून ड्रिल फ्लोअरवर गेलो, म्हणजे जिथून पाइप विहिरीत सोडतात तिथे. ड्रिल पाइपचा एक जॉइंट साडेनऊ मीटरच्या आसपास लांब असतो आणि वजन सुमारे 300 किलो. तीन जोडून स्टँड होतो, आणि डेरिकमन वर मनोऱ्यातल्या मंकी बोर्ड नावाच्या फळीवर हार्नेस बांधून उभा राहून त्याचं टोक सांभाळतो. पाइप थांबला की फ्लोअरमन स्लिप्स बसवतात, म्हणजे पाइपला टेबलात (फ्लोअरमधल्या ज्या भोकातून पाइप खाली जातो तिथे) धरून ठेवणाऱ्या दातेरी पाचरी. हँडल धरताना तळहात वरच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर स्लिप्स खाली बसताना बोटं हँडल आणि टेबलाच्या मध्ये सापडतात. दादाने माझे हात हँडलवर ठेवून दोनदा फिरवून दाखवले, मगच पाइप वर-खाली करणाऱ्या ड्रिलरला अंगठा दाखवला. रिगवरच्या दुखापतींत बोटं आणि हात यांचा वाटा मोठा असतो, आणि तिथे उभं राहिल्यावर कळतं की का. सगळीकडे लोखंडाला लोखंड भेटतंय आणि मध्ये आपला हात आहे. वरूनही धोका असतोच. 30 मीटरवरून निसटलेला नट खाली येईपर्यंत ताशी 85 किलोमीटरच्या आसपास वेग घेतो. म्हणून वर नेलेलं प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेलं असतं आणि परत आल्यावर मोजून घेतात.

परमिटविषयी, म्हणजे धोक्याच्या कामाआधी घ्यायच्या लेखी परवानगीविषयी, जरा सविस्तर लिहितो, कारण नवख्याला ते कटकट वाटतं. एका पहाटे मड पंपाचा व्हॉल्व्ह बदलायचं काम निघालं. त्यासाठी परमिट, आयसोलेशनचं (यंत्र पूर्ण तोडून ठेवल्याचं) प्रमाणपत्र, धोक्यांची यादी, सगळ्यांच्या सह्या. वीज तोडून ब्रेकरला कुलूप, कुलपाला टॅग, टॅगवर नंबर आणि नाव. सह्या गोळा करण्यातच तास गेला. काम दुपारी 12 पर्यंत संपलं नाही. मेकॅनिकने दिवसाच्या मेकॅनिकला नुसता कागद दिला नाही. त्याला पंपापाशी नेलं, उघडं झाकण दाखवलं, ब्रेकरपाशी नेलं, कुलूप ओढून दाखवलं, टॅगचा नंबर दोघांनी मिळून वाचला. दोघंही तेव्हा दमलेले होते, एक झोपायला निघालेला, दुसरा नुकता उठलेला.

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर 6 जुलै 1988 ला नेमकं इथेच तुटलं होतं. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि ती माहिती रात्रीच्या शिफ्टपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून हा सुरू केला, आणि गळती होऊन स्फोट झाला. 167 माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने 1990 मध्ये 106 शिफारशी केल्या. आज आपल्याला कटकट वाटणारे पुष्कळ कागद त्यातून आणि तशाच अपघातांतून आले आहेत. एवढं कळल्यावर मला सहीसाठी थांबायचा कंटाळा आला नाही.

दर आठवड्याला मस्टर, आणि मधूनच किक ड्रिल. किक म्हणजे विहिरीत बाहेरचा द्रव किंवा वायू शिरणं. पिटमधली (मडच्या टाकीतली) मड वाढायला लागते, पंप बंद केले तरी विहीर वाहत राहते. ड्रिलरने ते ओळखून बीओपी, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा झडपांचा संच, बंद करायचा असतो, आणि त्याला किती वेळ लागला याची नोंद होते. 20 एप्रिल 2010 ला डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोटात 11 जण गेले, तेव्हा दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. पिटची पातळी बघत बसलेल्या माणसाला विनाकारण हाक मारून उठवू नये, हे मी तिथे शिकलो.

स्टॉप कार्डाबद्दल, म्हणजे धोका दिसला की भरायच्या कार्डाबद्दल, माझं मत मिश्र आहे. काम थांबवायचा हक्क सगळ्यांना, हिरव्या हेल्मेटलाही. एकदा माझ्यासारख्याच एका नव्या मुलाने लोड वर जात असताना हात वर केला, कारण बास्केटवर एक सैल शॅकल (लोखंडी कडी) त्याला दिसली. क्रेन थांबली, शॅकल उचलली, लोड पुन्हा गेला. पाच मिनिटं गेली, कोणी ओरडलं नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. असंच असायला हवं. पण रोज प्रत्येकाने एक कार्ड भरलंच पाहिजे असा दंडक घातला की 'रेलिंग धरलं नव्हतं' अशी शंभर कार्डं जमा होतात आणि कामाचं एखादं त्यांत बुडतं. सक्तीने भरलेल्या कार्डांनी सुरक्षितता वाढते, असं मला तरी दिसलं नाही.

फेरीच्या मध्यावर शिफ्ट उलटली, रात्रीचे दिवसावर आणि दिवसाचे रात्रीवर. कुठे कुठे हे होत नाही, ज्याची जी शिफ्ट तीच शेवटपर्यंत चालते, आणि माझ्या मते तेच बरं. पहिली झोप जेमतेम बसली होती, ती पुन्हा मोडली. त्या दोन-तीन दिवसांत मी चहा-कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच संपवायचो, झोपताना फोन खोलीबाहेरच्या लॉकरमध्ये ठेवायचो, डोळ्यांवर पट्टी बांधायचो. झोपेची गोळी कोणाकडूनही परस्पर घेऊ नका. मेडिककडे जा, तिथे नोंद होते. डेकवर तसाही फोन न्यायला परवानगी नसते, कारण साध्या फोनची ठिणगीही गॅस असलेल्या जागी चालत नाही.

घरची आठवण शिफ्टमध्ये येत नाही, दोन वाजता बंकवर पडल्यावर येते. इंटरनेट होतं, पण संध्याकाळी सगळे एकदम लागले की आवाज तुटायचा. निघण्याआधी आम्ही घरी ठरवलं होतं की कोणी आजारी पडलं तर लपवायचं नाही, पण काय झालं यासोबत कोण बघतंय हेही सांगायचं. आईला ताप आला तेव्हा बायकोने एका वाक्यात दोन्ही सांगितलं आणि मी झोपू शकलो. रिगचा सॅटेलाइट फोन नंबर आणि कंपनीच्या किनाऱ्यावरच्या ऑफिसचा नंबर घरी लिहून ठेवा. तातडीची बातमी त्या वाटेने लवकर पोचते.

क्रू चेंजच्या, म्हणजे जुने जाऊन नवे यायच्या, दिवशी धुकं आलं. बॅगा बांधलेल्या, खोली रिकामी करून दिलेली, आणि हेलिकॉप्टर उडत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. सगळ्यांचा स्वभाव त्या दोन दिवसांत थोडा आंबट होतो. पण काम थांबत नाही, आणि मन घरी गेलेलं असताना हात डेकवर असणं हे पहाटे तीनपेक्षा जास्त धोक्याचं आहे. टूलपुशरनी, म्हणजे ड्रिलिंगच्या कामाच्या प्रमुखांनी, बैठकीत तेच सांगितलं आणि जाणाऱ्यांना क्रेनखालच्या कामावरून बाजूला घेतलं. तिसऱ्या दिवशी उडालो. माझ्या जागी आलेल्याला मी लिहून ठेवलं होतं : कुठल्या स्लिंगचा रंग-कोड या महिन्यात बदलला, कुठल्या जिन्याची पायरी मडने निसरडी होते, कुठलं परमिट अजून उघडं आहे. हेलिडेकवर भेटायला दोन मिनिटंच मिळतात. तोंडी सांगायचं ठरवलंत तर अर्धं राहून जातं.

घरी आल्यावर पहिला आठवडा दुपारी झोप आणि रात्री जाग असाच गेला. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर 'सुट्टीवर आलाय आणि नुसता झोपतोय' असं होतं. पगारपत्रक आलं तेव्हा धुक्यामुळे अडकलेले दिवस त्यात धरलेले नव्हते. माझ्याकडे करारापूर्वीचा तो मेल होता आणि रेडिओ ऑपरेटरकडून सही करून घेतलेला येण्या-जाण्याच्या तारखांचा कागद होता. दोन्ही जोडून पाठवले. दहा-बारा दिवस उत्तर नाही, मग एक ओळीचं उत्तर आलं, आणि फरकाची रक्कम पुढच्या पगारात, तोवर न मिळालेल्या ट्रेनिंगच्या फीसोबत, जमा झाली. तारखांचा तो कागद दर फेरीला निघण्याआधीच सही करून घ्या. हेलिकॉप्टर आल्यावर रेडिओ रूममध्ये कोणालाच वेळ नसतो.